वहीतला आहेर आणि दुःखाच्या घरी द्यायचे पाकीट: रक्कम ठरवायची कशी?

प्रश्न: थोरली

मागच्या वर्षी वडील गेले, आणि त्यांच्या कपाटातल्या कागदपत्रांमध्ये कापडी बांधणीची एक लांबट वही सापडली. आमच्या घरच्या कार्यांत कोणी किती आहेर केला आणि आम्ही कोणाकडे किती दिला, याच्या साधारण 30 वर्षांच्या नोंदी त्यांनी तिच्यात बारीक अक्षरात करून ठेवलेल्या आहेत. भावंडांत मी थोरली, त्यामुळे वही माझ्याकडे आली. आणि वहीबरोबर तिच्यातली देणीही तुझ्याकडेच आली, असे आईचे म्हणणे आहे.

गेल्या 12 महिन्यांत माझ्यापुढे असे 17 प्रसंग आले, त्यांत 11 लग्ने होती आणि 6 मृत्यू. प्रवास आणि कपडे सोडून केवळ दिलेल्या रकमांची बेरीज केली, तेव्हा ती माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या आठव्या हिश्शाएवढी भरली. एवढे देणे मला परवडत नाही, हे उघड आहे. मात्र मला अधिक टोचते आहे ते दुसरेच.

एकाच आठवड्यात माझ्या चुलत बहिणीचे लग्न होते आणि कार्यालयातल्या एका सहकारी बाईंचे यजमान अचानक वारले. काकांनी माझ्या लग्नात दिलेला आकडा वहीत होता आणि तो मोठा होता, म्हणून मी त्याहून थोडी अधिक रक्कम दिली. सहकारी बाईंचे नाव वहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा बाकीच्यांनी जेवढे दिले तेवढेच मीही पाकिटात घातले. ते लग्नातल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. काकांच्या घरी दोघे कमावते आहेत. या बाईंच्या पदरी दोन लहान मुले आहेत आणि घरातला मोठा पगार बंद झाला आहे. घरी परतताना जाणवले की, ज्यांना गरज नव्हती त्यांना मी भरपूर दिले आणि जिथे गरज होती तिथे केवळ रीत पाळली.

आता दोन महिन्यांनी काकांच्या धाकट्या मुलाचे लग्न आहे. शिवाय वडिलांच्या एका जुन्या परिचितांकडूनही मुलाच्या लग्नाचे आमंत्रण आले आहे. त्यांच्याशी 15 वर्षांत आमचे बोलणे झालेले नाही, पण वहीत त्यांच्या नावापुढे रक्कम मात्र आहे. वहीतला आकडा तसाच परत करायचा, की वाढवून द्यायचा? आणि जिथे वही काहीच सांगू शकत नाही, अशा दुःखाच्या प्रसंगी कोणते माप धरायचे? ज्यांनी हा विचार स्वतःच्या घरात करून पाहिला आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

उत्तर: जमाखर्च

थोरलीताई, माझी सारी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे आधी वहीबद्दलच बोलतो. अशा वहीत आकडा असतो, पण त्या आकड्याचे वय आपण विसरतो. महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढत असेल, तर साधारण 12 वर्षांत पैशाची खरेदीशक्ती निम्मी होते. 20 वर्षांपूर्वीच्या 100ची बरोबरी करायला आज सुमारे 320 लागतात. वाढ 4 टक्के धरली, तर निम्मे व्हायला 18 वर्षे लागतात. तेव्हा 20 वर्षांपूर्वीचा आकडा जसाच्या तसा परत करणाऱ्याने खरे तर एक तृतीयांशच परत केलेले असते. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. प्रत्येक रक्कम महागाईने वाढवायची आणि वर 'थोडी अधिक' घालायची, असा नियम दोन्ही घरांनी पाळला, तर काही फेऱ्यांनंतर ती रक्कम दोघांच्याही उत्पन्नाच्या पुढे धावू लागते. आपल्या काकांच्या बाबतीत नेमके हेच चालू आहे, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अशी की, वहीचे एकच पान वाचू नये. काकांनी आपल्या लग्नात दिलेला आकडा आपण पाहिलात. पण आपल्या वडिलांनी काकांच्या घरच्या आधीच्या कार्यांत काय दिले, हेही त्याच वहीत दुसरीकडे असेल. कुटुंबागणिक दोन्ही बाजूंची बेरीज मांडून पाहा. एका पानावर दिसणारे देणे बहुधा दुसऱ्या पानावर फिटलेले असते. एका घरात तीन मुले आणि दुसऱ्या घरात दोन, म्हणजे प्रसंगांची संख्याच सारखी नसते, त्यामुळे पैपैची बरोबरी कधी साधत नाही आणि ती साधावी अशी अपेक्षाही नसते. शिवाय आकड्याशेजारी देणाऱ्याची त्या वेळची परिस्थिती लिहिलेली नसते. भर कमाईच्या काळात कोणी हात सैल सोडून दिले असेल, तर त्याच्या उत्पन्नाचा जेवढा हिस्सा त्याने दिला तेवढा हिस्सा आपण द्यावा; तेवढी रक्कम देण्याचे बंधन नाही.

मी स्वतः पुढील रीत पाळतो. वर्षाच्या उत्पन्नाचे 5 टक्के, म्हणजे महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, यासाठी वेगळे काढतो. मग येऊ घातलेल्या प्रसंगांची यादी करून अगदी जवळच्यांना 6 वाटे, मधल्यांना 3 आणि दूरच्यांना 1 वाटा धरतो. आपलीच 11 लग्ने घेऊ. त्यांत 2 जवळची, 4 मधली आणि 5 दूरची असली, तर 12, 12 आणि 5 मिळून 29 वाटे झाले. मृत्यू सांगून येत नाहीत, म्हणून मागच्या तीन वर्षांवरून अंदाज करून आणखी 15 वाटे राखून ठेवायचे. एकूण 44 वाटे. म्हणजे एक वाटा महिन्याच्या पगाराच्या सुमारे 1.4 टक्के आणि जवळच्या लग्नाचा आहेर सुमारे 8 टक्के होतो. पैसे आधी बाजूला पडलेले असल्यामुळे आमंत्रण हातात आल्यावर घरात वाद होत नाहीत. दुःखाच्या प्रसंगीही मी हेच जवळ-दूरचे वाटे लावतो.

उत्तर: उंबरठा

जमाखर्चकाकांची लग्नाविषयीची मांडणी मला पटली. त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगते, कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्या पाकिटांच्या दुसऱ्या बाजूला बसले होते.

माझे यजमान गेले तेव्हा आमच्या घरी 43 पाकिटे आली. माझ्या दिरांनी दाराशी बसून त्यांची यादी केली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पहिल्या आठवड्यात त्या पैशांचा खरोखर आधार झाला, कारण रुग्णालयाचे देणे थकले होते आणि यजमानांच्या एकट्याच्या नावावरचे खाते कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत आम्हांला हाताळता येत नव्हते. घरात पैसा असूनही हातात नाही, अशी ती अवस्था असते आणि ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्या दिवसांत रोख रकमेला जे मोल असते, ते एरवी कधीच नसते. पण पुढे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खरा चटका बसला. तोवर लोकांचे येणे-जाणे थांबलेले असते, सारी सांत्वने बोलून संपलेली असतात, आणि घरभाडे व मुलांची फी मात्र पूर्वीसारखीच येत राहते. त्या काळात माझ्या जावेने मला एकच प्रश्न विचारला: "फीची तारीख कधी आहे?" तिने अंत्यविधीच्या वेळी काहीच दिले नव्हते, याबद्दल नातेवाइकांत कुजबुजही झाली होती. तिने त्या तारखेला फी भरली आणि त्याचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही.

यादीबद्दलही सांगते. दुसऱ्याच वर्षी त्या यादीतल्या एका घरी लग्न निघाले. त्यांनी माझ्याकडे दिलेली रक्कम मोठी होती आणि माझे उत्पन्न आता निम्म्यावर आले होते. सासूबाईंनी यादी पुढे केली आणि मी उसने घेऊन आहेर केला. त्यांनी तो कधीच मागितला नसता, हे मला आज समजते. पण यादीतला आकडा मुक्याने मागत असतो. ज्या पैशाने मला सावरले होते, त्याच पैशाने मला वर्षभराने कर्जात टाकले, याची गंमत वाटावी की राग यावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हणून दुःखाच्या घरी जाताना मी नाते किती जवळचे, हे माप लावत नाही. मी तीन गोष्टी पाहते: जाणारी व्यक्ती कमावती होती का, आजारपण किती लांबले होते, आणि मागे अवलंबून असलेले किती आहेत. पूर्ण आयुष्य जगून गेलेल्या आजींच्या घरी, जिथे मुले-नातवंडे कमावती आहेत, तिथे लहानशी रक्कमही पुरते, किंवा काही न देता तासभर बसून आले तरी चालते, मग ते नाते कितीही जवळचे असो. उलट तरुण कमावता माणूस गेला असेल, तर ओळख फारशी नसली तरी मी हात आखडत नाही. वर्षे काढलेल्या आजारपणात घर आधीच रिकामे झालेले असते, हे तर हमखास लक्षात घ्यावे.

देण्याची रीतही रकमेइतकीच महत्त्वाची आहे. पाकीट त्या बाईच्या किंवा मुलांच्या हातात कोंबू नये, कारण त्या क्षणी त्यांना ते कुठे ठेवावे हेही सुचत नाही. खर्चाचे बघणाऱ्या माणसाकडे द्यावे. मला दोन पाकिटे बिननावाची आली होती. देणाऱ्यांनी माझ्यावर भार नको म्हणून तसे केले असावे, पण ती कोणाची असतील याचा शोध घरात कितीतरी दिवस चालला. त्यापेक्षा नाव लिहावे आणि आत चिठ्ठी ठेवावी की, ही रक्कम परत करायची नाही व कोणत्याही यादीत घालायची नाही. मी हल्ली तसेच करते.

थोरलीताई, तुमच्या सहकारी बाईंबद्दल एवढेच म्हणेन की, वेळ गेलेली नाही. उलट आत्ताच ती येते आहे.

उत्तर: पाठ क्रमांक

मी समाजशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे त्या अंगाने लिहितो. लांबण लावणार नाही. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस याने 1925 साली भेटींवर लिहिलेल्या निबंधात तीन बंधने सांगितली: देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परतफेड करण्याचे. भेट वरकरणी ऐच्छिक दिसते, पण ही तीन बंधने तिला बांधून ठेवतात, हा त्याचा मुख्य मुद्दा. आपल्या वहीत तिसरे बंधन शाईने लिहिलेले आहे, इतकेच.

पुढे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्द्यू याने त्यात काळाची भर घातली. भेट आणि उलटभेट यांच्यामध्ये काही अंतर असावे लागते आणि दोन्ही वस्तू तंतोतंत सारख्या नसाव्या लागतात. लगेच आणि तेवढेच परत केले, तर ते भेट नाकारल्यासारखे होते. याचा व्यवहारातला अर्थ मला उपयोगी वाटतो. थोडे कमी-जास्त परत केले की कोणाकडे तरी शिल्लक राहते, आणि त्या शिलकीच्या आधारे नाते चालू राहते. तंतोतंत परत केले की खाते मिटते. तेव्हा काकांकडे बरोबरी साधण्याची धडपड करू नका. या खेपेस कमी दिलेत तरी नाते तुटणार नाही, कारण ते चालू खाते आहे. 15 वर्षे न बोललेल्या परिचितांकडे मात्र वहीतली रक्कम नेमकी तेवढीच पाठवणे, हा कोणालाही न दुखावता हिशेब पुरा करण्याचा मार्ग आहे. महागाईचा भाग त्यांना सोडून द्यावा लागेल. जमाखर्चकाका रागावणार नाहीत अशी आशा आहे.

उंबरठाताईंनी जे लिहिले आहे, त्याकडे मी या चौकटीतून पाहण्याचा प्रयत्न केला. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स याने देवाणघेवाणीचे प्रकार पाडताना एका टोकाला असे देणे ठेवले, ज्यात परतफेड कधी, किती आणि होईल की नाही, हे मोजलेच जात नाही; आईबापांचे मुलांना देणे हे त्याचे सरळ उदाहरण. लग्नाचा आहेर मधल्या, मोजून परत करण्याच्या प्रकारात बसतो. दुःखाच्या घरचे पाकीट पहिल्या प्रकारचे असायला हवे होते, पण आपण ते उचलून आहेराच्याच वहीत लिहितो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

उत्तर: पहिला पगार

मी वयाने लहान आहे, त्यामुळे चुकले तर सांभाळून घ्यावे. माझी नोकरी लागून एकच वर्ष झाले आहे आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. उत्पन्नाचे 5 टक्के हा हिशेब ज्यांचे घर बसलेले आहे, त्यांच्यासाठी योग्य असेल. माझ्याकडे हप्ता आणि भाडे जाऊन जे उरते, त्याच्या 5 टक्क्यांबद्दल मी विचार करू शकतो. एका मित्राच्या लग्नासाठी मी क्रेडिट कार्डावर खर्च केला आणि तो फेडायला सात महिने लागले. ऋण काढून सण करू नये, हे मी तोवर दुसऱ्यांनाच सांगत होतो.

कार्यालयातल्या वर्गणीबद्दल एक सुचवतो. आमच्याकडे कागद फिरवला जायचा आणि प्रत्येकाने नावापुढे रक्कम लिहायची. पहिल्या माणसाने जो आकडा लिहिला, त्याच्या आसपास बाकीचे सगळे लिहीत असत. आधी दिसलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली दाखवून दिलेले आहे, आणि आमचा कागद त्याचा रोजचा पुरावा होता. आता आम्ही एक बंद पाकीट फिरवतो. ज्याला जमेल त्याने घालावे, ज्याला जमणार नाही त्याने पुढे सरकवावे, आणि बाहेर सर्वांचे नाव एकत्र. थोरलीताईंनी "बाकीच्यांनी जेवढे दिले तेवढे" दिले, त्याला त्या एकट्याच जबाबदार आहेत असे मला वाटत नाही.

उत्तर: जमाखर्च

उंबरठाताई, आपले लिहिणे दोनदा वाचले आणि माझी चूक मला मान्य आहे. राखून ठेवलेले ते 15 वाटे मी जवळ-दूर पाहून वाटत आलो, कारण माझ्या कोष्टकात तेवढाच एक रकाना होता. आता ते पूर्णपणे वेगळे ठेवीन आणि आपण सांगितलेल्या तीन गोष्टी पाहून वापरीन. कधी तीन घरी काहीच जाणार नाही आणि चौथ्या घरी 10 वाटे जातील. वर्षअखेरीस त्यातले उरले, तर लग्नाकडे वळवायचे नाहीत, पुढच्या वर्षात ओढायचे. हिशेबनिसाला एवढे तरी कलम हवेच.

त्या तरुण मित्राचे म्हणणेही रास्त आहे. टक्केवारी हप्ते वजा जाता उरलेल्या रकमेवरच धरावी. मी हप्त्यांतून सुटल्याला बरीच वर्षे झाली, म्हणून ते माझ्या ध्यानात आले नाही.

थोरली

सर्वांचे मनापासून आभार. काल बसून काकांच्या कुटुंबाच्या दोन्ही बाजू वहीतून काढल्या. जमाखर्चकाकांनी म्हटले तसेच निघाले: महागाई धरून मोजले, तर आमच्या घराने काकांकडे घेतल्याहून अधिक दिलेले आहे, आणि गेल्या लग्नात मी त्यावर आणखी भर घातली. तेव्हा धाकट्या चुलत भावाच्या लग्नात मधले 3 वाटेच द्यायचे ठरवले आहे. काकू काही बोलतील. एक दिवस ऐकून घेईन.

सहकारी बाईंना आज मधल्या सुट्टीत भेटले आणि उंबरठाताईंच्या जावेचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या आधी नाही म्हणाल्या, मग थोड्या वेळाने त्यांनी तारीख सांगितली. धाकट्या मुलाच्या फीचा पहिला हप्ता मी भरणार आहे. त्यांनी परत कधी करू असे विचारले, तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. चिठ्ठीत लिहिणे सोपे असते, समोरासमोर सांगणे कठीण जाते. कार्यालयात बंद पाकिटाचा प्रस्तावही मांडला आहे, त्यावर वरिष्ठांनी विचार करू असे म्हटले.

परिचितांचे मात्र अडले आहे. वहीतली रक्कम तेवढीच पाठवू, असे मी आईला सांगितले आणि त्याचे कारणही सांगितले. ती म्हणाली की, बाबांनी 30 वर्षांत कोणाचेही खाते मिटवले नाही, तू थोडे तरी वाढव. लग्नाला अजून पाच आठवडे आहेत आणि आमचे एकमत व्हायचे आहे.